रश्शाचें पातेलें

आमच्या अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर असें नांव आहे, पाऊस बेताचा आणि भाकरी ज्वारी-बाजरीची. ती कोरडी भाकरी घशाखालीं उतरावयाची तर पानांत कांहींतरी पातळ हवेंच. तें पातळ म्हणजे कधीं तुरीच्या डाळीची आमटी, कधीं पुरणाच्या डाळीच्या पाण्याची कटाची आमटी, कधीं येसर, कधीं हुलग्यांचे शेंगोळे, आणि पाहुणे आले किंवा सण असला तर मटणाचा रस्सा. हे पदार्थ ताजे असतांना त्यांच्यासारखें दुसरें कांहीं नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांचा भरंवसा देतां येत नाहीं. उन्हाळ्यांत सकाळची आमटी संध्याकाळपर्यंत विटते. झाकण काढतांच आंबूस वास येतो, वर बारीक फेंस दिसतो, आणि पळीनें उचलून पाहिली तर कधीं कधीं तारही सुटते. आमच्या आया-आज्या हें पाहून कांहीं न बोलतां पातेलें गोठ्याकडे नेत. कारण विचारलें तर उत्तर एकच: "उन्हाळा आहे, दुसरं काय!"

आम्हीही तेवढ्यावर समाधान मानीत होतों. परंतु या साध्या गोष्टीचें खरें कारण न जाणल्यामुळें, आणि त्याहून अधिक म्हणजे योग्य वेळीं तोंड न उघडल्यामुळें, आमच्या हातून एका गरीब बाईवर अन्याय झाला. तो येथें सांगावा, व पुढें जें समजलें तेंही सांगावें, म्हणजे वाचकांपैकीं कोणाच्या हातून तसें घडणार नाहीं, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्याचें धाडस केलें आहे.

आम्ही त्या वेळीं जिल्ह्यांतील एका बोर्डिंगांत राहत होतों. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुलें दीडशेंच्या आसपास होतीं, आणि त्यांचा स्वयंपाक एक बाई दोन मदतनिसांना हाताशीं घेऊन करीत. सर्व मुलें त्यांना मावशी म्हणत. मावशी पन्नाशीच्या पुढच्या, अंगानें उंच, आवाजानें मोठ्या आणि स्वभावानें तापट होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत कोणी चप्पल घालून आला तर त्या पळी उगारीत. त्यांचे कांहीं नियम ठरलेले होते. उरलेली आमटी मोठ्या पातेल्यांत रात्रभर ठेवावयाची नाहीं; ती चार-पांच लहान भांड्यांत ओतून तीं भांडीं पाणी भरलेल्या परातींत ठेवावयाचीं आणि मधून मधून ढवळावयाचीं. वाढण्याची पळी खरकट्या ताटाला लागली तर ती परत भांड्यांत बुडवावयाची नाहीं. उरलेलें अन्न दुसऱ्या दिवशीं घ्यावयाचें तर नुसतें ऊन करून चालणार नाहीं, खदखदून उकळी आली पाहिजे. हें सारें कशासाठीं, असें विचारलें तर "माझी सासू आसंच करायची" यापलीकडे त्यांना कांहीं सांगतां येत नसे. आम्हीं विज्ञानाचे चार धडे वाचलेले होते. आम्हांस तो निव्वळ अडाणीपणा वाटे.

एके वर्षीं स्नेहसंमेलनाच्या जेवणाची व्यवस्था पाहण्यासाठीं वरच्या वर्गांतील पांच मुलांची एक समिति नेमण्यांत आली. ते पांच जण म्हणजे आम्हीच. पालक व पाहुणे धरून तीनशें पानें व्हावयाचीं होतीं, आणि बेत मटणाचा रस्सा, भात व भाकरी असा होता. सकाळपासून कार्यक्रम असल्यामुळें रस्सा आदल्या रात्रींच करून ठेवावा व सकाळीं फक्त गरम करावा, असें आम्हीं ठरविलें. मावशींनीं साफ नकार दिला. त्या म्हणाल्या, "मी पहाटं तीनला उठते, चूल पेटवते, आन् बाराच्या आत ताजा रस्सा देते. रातीचाच करायचा आसंल तर धा भांडी आणा, म्हंजी वाटून निववते." दहा भांडीं कोण गोळा करणार? आम्हीं तर मोठ्या हौसेनें एकच अजस्र पातेलें भाड्यानें आणून ठेविलें होतें. आम्ही अधीक्षकांकडे गेलों, आमचा बेत मंजूर करून घेतला, आणि मावशींचें म्हणणें काय होतें हें सांगण्याचें टाळलें.

रात्रीं नऊच्या सुमारास रस्सा चुलीवरून उतरला. त्यावर आम्हीं घट्ट झाकण घातलें, झाकणावर गोणपाट पसरलें आणि गोणपाटावर दगड ठेविला. मांजर, माशी, धूळ, कांहीं म्हणून आंत जाऊं नये याची काळजी आम्हीं जातीनें घेतली व समाधानानें झोंपलों. सकाळीं पातेल्यास हात लावून पाहतों तों तें अजून ऊन होतें! "पहा मावशी, रात्रभर गरम राहिला," असें आम्हीं मोठ्या अभिमानानें म्हटलें. मावशी कांहीं बोलल्या नाहींत. झाकण उघडलें, वास उत्तम, चव उत्तम. चांगली उकळी येऊं द्या, असें त्या पुनःपुन्हा ओरडून सांगत होत्या; परंतु सरपण भाताकडे लागलें होतें आणि पाहुणे येऊं लागले होते. रश्शावर वाफ दिसतांच आम्हीं पातेलें उतरविलें. दुपारीं बारा वाजतां पंगत बसली व रश्शाची सर्वांनीं वाखाणणी केली.

रात्रीं नऊच्या पुढें पहिला मुलगा पोट धरून उठला. पहाटेपर्यंत साठ-सत्तर मुलें आजारी झालीं. पोटांत कळा आणि जुलाब. वांती फारशी कोणास नाहीं, ताप कोणासच नाहीं. डॉक्टर आले, मीठ-साखरेचें पाणी पाजत राहण्यास सांगून गेले. दुसऱ्या दिवशींच्या संध्याकाळपर्यंत बहुतेक मुलें उठून बसलीं. कोणाच्या जिवावर बेतलें नाहीं ही देवाची कृपा.

मग चौकशी सुरू झाली. मांस ताजें होतें, भांडें स्वच्छ होतें, झाकण घट्ट होतें, रश्शास वास नव्हता. तेव्हां उरलें काय? स्वयंपाकिणीचे हात! कोणी म्हणालें, बाई हात धूत नसावी. कोणी म्हणालें, तिच्या घरीं कोणी आजारी असेल. एकानें तर ती कोणत्या वस्तींतून येते याचाही उल्लेख केला. मावशींनीं रात्रींच्या बेतास विरोध केला होता, सकाळीं त्या उकळीसाठीं ओरडत होत्या, आणि मांसाला हात लावण्यापूर्वीं त्यांनीं राखेनें व साबणानें हात धुतलेले आम्हीं स्वतः पाहिले होते. आम्हां पांचांपैकीं एकही जण हें बोलला नाहीं. त्या आठवड्याच्या अखेरीस मावशींनीं आपलें गांठोडें उचललें व त्या गेल्या. त्यांना काढलें कीं त्या आपण होऊन गेल्या, हें आम्हांस कळलें नाहीं, आणि आम्हीं तें कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाहीं.

पुढें कांहीं वर्षांनीं आमच्या समितीपैकीं एक जण राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत शिकावयास गेला. तेथें त्यास सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय होता. एका सुटींत तो भेटावयास आला तो चेहरा उतरलेलाच. म्हणाला, "रस्सा मावशींनीं बिघडविला नव्हता, तो आपण बिघडविला." त्यानें त्या दिवशीं जें सांगितलें, आणि नंतर आम्हीं पुस्तकें पाहून जें समजून घेतलें, तें थोडक्यांत असें.

रस्सा नासतो कां, हा वाद फार जुना आहे. नीडहॅम नांवाच्या एका इंग्रज धर्मगुरूनें मटणाचा ऊन रस्सा बाटलींत भरून वर घट्ट बूच लाविलें. कांहीं दिवसांनीं पाहतों तों त्यांत सूक्ष्म जीव वळवळत होते. त्यावरून निर्जीव रश्शांतून जीव आपोआप उपजतो, असा सिद्धान्त त्यानें १७४८ सालीं मांडिला. इटलींतील स्पॅलन्झानी यानें १७६५ सालीं काचेच्या भांड्यांचीं तोंडें वितळवून बंद केलीं व मग तीं बराच वेळ उकळलीं. त्यांत कांहींच उपजलें नाहीं. १८६० च्या सुमारास फ्रान्समध्यें लुई पाश्चर यानें हंसाच्या मानेसारखी वांकडी नळी असलेलीं भांडीं घेऊन हवेंतील धुळीबरोबर जंतु आंत येतात हें दाखविलें, व नीडहॅमचा सिद्धान्त मोडून काढिला.

तरी एक कोडें उरलेंच. बाहेरून कांहीं आंत आलें नाहीं, आणि द्रव चांगला उकळलेला होता, तरीसुद्धां तो कित्येकदां नासत असे. याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यानें १८७६ सालीं केला. गवताच्या काढ्यांत वाढणारा बॅसिलस सब्टिलिस हा जंतु प्रतिकूल काळ आला कीं आपल्या शरीरांत एक कठीण कवचाचें बीज तयार करतो. या बीजास बीजाणु म्हणतात. उकळीनें जंतु मरतो, पण त्याचें हें बीज मरत नाहीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८७७ सालीं, जॉन टिंडाल यानें त्यावर युक्ति काढिली: एकदां उकळावें, मग थांबावें, बीज रुजून कोंवळा जंतु बाहेर आला कीं पुन्हा उकळावें. असें दोन-तीनदां केल्यानें द्रव निर्जंतुक होतो.

आमच्या रश्शांत काय झालें तें यावरून ध्यानांत येईल. असे बीजाणु मातींत सर्वत्र असतात. मातींतून ते धान्याबरोबर, डाळींबरोबर, मांसाबरोबर आणि खळ्यांत व अंगणांत वाळविलेल्या मसाल्याबरोबर पातेल्यांत येतात. लसूण व लवंग यांचे अर्क जंतूंस कांहींसे मारक आहेत खरे, परंतु रश्शांत पडतात तेवढ्या प्रमाणांत त्यांच्यावर विसंबतां येत नाहीं. बीजाणु धारण करणाऱ्या या जंतूंपैकीं एकाचें नांव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. त्याला प्राणवायु नको असतो, आणि उकळीनें रश्शांत विरघळलेली हवा निघून गेलेली असते. सुमारें १५ ते ५० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत तो वाढतो. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तर तो दहा मिनिटांत एकाचे दोन होतो. विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पाहावें. दहा मिनिटांस दुप्पट म्हणजे एका तासांत ६४ पट, आणि तीन तासांत २,६२,१४४ पट! आम्हीं झाकण, गोणपाट आणि दगड ठेवून बाहेरचा शत्रु अडविला. आंतल्या शत्रूला मात्र रात्रभर ऊब दिली. ज्या उष्ण पातेल्याचा आम्हांस सकाळीं अभिमान वाटला, त्या उष्णतेंतच सारें पाप होतें.

मोठें भांडें लवकर निवत नाहीं याचें कारण भूमितींत आहे. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर आंतला रस्सा आठपट होतो. परंतु ज्या पृष्ठभागावाटे उष्णता बाहेर जावयाची तो चौपटच होतो. म्हणून लहान भांड्यांत वांटून, पाण्यांत ठेवून ढवळणें, हा मावशींचा नियम म्हणजे अगदीं शास्त्रशुद्ध उपाय होता.

मग रश्शास वास कां आला नाहीं? येथें आमची व बहुतेक सर्वांची समजूत चुकते. आमटी आंबते ती बहुधा निराळ्या जंतूंमुळें. दुग्धाम्ल करणारे जंतु पळीवरून, हातावरून, उष्ट्या भांड्यावरून निवलेल्या आमटींत पडतात व तींत आम्ल तयार करतात. म्हणून मावशींचा पळीविषयींचा नियम. याच जातीचे जंतु ताकांत व आंबिलींत आपण मुद्दाम वाढूं देतों. तार सुटते ती बॅसिलस वर्गांतील कांहीं जंतूंमुळें. अशी विटलेली आमटी आपली अवस्था नाकाला व डोळ्याला सांगते, आणि आपण ती टाकून देतों. परफ्रिंजेन्स वाढलेला रस्सा मात्र बहुधा वासानें किंवा चवीनें ओळखूं येत नाहीं. त्यांतील असंख्य जिवंत जंतु पोटांत गेले कीं आंतड्यांत विष तयार होतें, आणि जेवल्यानंतर साधारणतः आठ ते बारा तासांनीं कळा व जुलाब सुरू होतात. वांती व ताप क्वचित्. बहुधा एका दिवसांत आराम. तो रस्सा कोणीं प्रयोगशाळेंत नेऊन तपासला नव्हता हें खरें. परंतु हीं लक्षणें वाचतांना आम्हांस ती रात्र जशीच्या तशी दिसली. सकाळीं मावशींच्या म्हणण्याप्रमाणें चांगली उकळी आणली असती तर ते रुजलेले कोंवळे जंतु मरून गेले असते. टिंडालची युक्ति त्यांना त्याचें नांव न ऐकतां ठाऊक होती.

मावशींचें सर्वच बरोबर होतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. पुन्हा उकळलें कीं कोणतेंही अन्न निर्दोष होतें, असा त्यांचा विश्वास होता. तो खरा नाहीं. शिळ्या भातांत वाढणारा बॅसिलस सीरियस हा जंतु वांती करविणारें असें एक विष अन्नांतच सोडतो कीं, जें उकळीनें नाहींसें होत नाहीं. म्हणून उकळी हा दुसरा उपाय. लवकर निवविणें हा पहिला.

रस्सा जंतूंस किती मानवतो याचें एक उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला तेव्हां डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत मांसाच्या रश्शांतच प्लेगचे जंतु वाढविले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेविले, त्यांच्या आधारानें जंतु खालीं लोंबत वाढत. मग ते तापवून मारून त्यांनीं लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यांनीं जाणूनबुजून, मोजूनमापून जी शेती केली, तीच आम्हीं अज्ञानानें तीनशें माणसांच्या जेवणांत केली.

याचा अर्थ मोठ्या प्रमाणावर आमटी करूंच नये असा नव्हे. पारनेर तालुक्याच्या सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यांतील आणे गांवीं रंगदास स्वामींच्या यात्रेंत मोठमोठ्या कढयांतून आमटी शिजते, आणि हजारों लोक ती भाकरीबरोबर खातात. तेथें आमटी शिजते आणि ऊन-ऊन पानांत जाते. ६० अंशांच्या वर असेपर्यंत जंतूंस वाढतां येत नाहीं; संकट असतें तें चूल आणि पान यांच्यामधल्या लांब, कोमट तासांत.

हें सारें समजल्यावर आम्हांस चैन पडेना. शोध करीत करीत आम्ही तिघे श्रीगोंदे तालुक्यांतील एका खेड्यांत मावशींच्या घरीं गेलों. त्या फार थकल्या होत्या. दृष्टि मंद झाली होती, आवाज मात्र तोच होता. त्यांच्या सुनेकडून कळलें कीं, बोर्डिंगांतली बातमी पसरल्यामुळें त्यांना पुढें कोणींही स्वयंपाकाला ठेविलें नाहीं. खुरपणी करून त्यांनीं दिवस काढले. आम्हीं बीजाणु, उष्णता, भांड्याचा आकार, सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "मोठ्या भांड्याची ऊब जात न्हाई, येवढं मला ठावं व्हतं. ते तुमास्नी तवाच सांगितलं व्हतं, लेकरांनो." थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "मी हात धुतले व्हते, ते तुमी पाहिलं व्हतं. मग सायबाम्होरं एक शबुद का न्हाई बोलला?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. शास्त्र शिकून आलेला आमचा मित्रही खालीं मान घालून बसला. कारण या प्रश्नाचा जंतूंशीं कांहीं संबंध नव्हता. त्या वेळीं जें सांगावयाचें होतें त्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची गरज नव्हती. आम्हीं क्षमा मागितली. "आता काय," एवढेंच त्या म्हणाल्या. आणि मग सुनेस हांक मारून, "लेकरं लांबून आली, भाकरी टाक," असें सांगितलें. आम्ही आमटी-भाकरी जेवलों. उठतांना पाहिलें तों सून उरलेली आमटी दोन लहान पातेल्यांत ओतून परातींतल्या पाण्यांत ठेवीत होती.

परत आल्यावर घडलेली हकीकत लिहून, तिघांच्या सह्या करून, आम्हीं ती त्या बोर्डिंगाकडे पाठविली. तेव्हांचे अधीक्षक आतां तेथें नाहींत. परंतु पत्र दप्तरीं लावून घेतल्याचें उत्तर आलें. त्याची एक प्रत आम्हीं मावशींच्या घरीं नेऊन वाचून दाखविली. गेलेलीं वर्षें तीमुळें परत आलीं नाहींत.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, संमेलनाच्या जेवणाची समिति एखाद्या वर्षीं तुमच्याकडेही येईल. तेव्हां आमटी वा रस्सा शक्य तों त्याच दिवशीं करा आणि ऊन असतांनाच वाढा. ठेवणें भागच असेल तर उथळ, लहान भांड्यांत वांटून पाण्यांत ठेवा, ढवळा, आणि निवतांच शीतपेटींत ठेवा. रात्रभर ओट्यावर ठेवूं नका. पुन्हा वाढावयाचें तर पुरती उकळी आणा, आणि वास चांगला आहे एवढ्यावरून अन्न चांगलें समजूं नका. स्वयंपाकघरांत ज्या बाई किंवा बुवा वर्षानुवर्षें उभे आहेत त्यांना आधीं विचारा. त्यांना कारण सांगतां आलें नाहीं तरी त्यांचें ऐकून घ्या. आणि एवढें करूनही कांहीं चुकलेंच, तर जें तुम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें असेल तें त्याच दिवशीं, त्याच खोलींत, उभें राहून सांगा.